घुमणारा स्पीकर आणि जैनाबादची वीज

गाणे थांबवले, नॉब शून्यावर आणला, तरी स्पीकर ‘घूं’ करीतच राहतो. दिवसा ते फारसे जाणवत नाही. रात्री रस्ता शांत झाला, पंखा मंद केला की मात्र खोलीत तेवढेच ऐकू येते. मग बाजारातून नवी केबल येते, नाही तर नवा अँपच येतो. आणि पुष्कळदा नव्या अँपसोबत जुनी घूं तशीच नांदते, कारण ती अँपात नव्हतीच.

जैनाबाद बुऱ्हाणपुरासमोर, तापीच्या पलीकडच्या काठावर. आहूखान्याची शाही बाग इथलीच. १६३१ मध्ये मुमताज महल बुऱ्हाणपुरात वारली तेव्हा तिचे दफन आधी इथे झाले आणि काही महिन्यांनी देह आग्र्याला नेला. औरंगजेबाच्या चरित्रात भेटणारी गायिका हिराबाई ‘जैनाबादी’ म्हणून ओळखली जाते, तीही याच गावावरून. गाण्याशी गावाचे नाते असे जुने आहे. विजेचा विषय निघाला की मात्र केळीच्या मळ्यांतल्या मोटारी आणि नदीपलीकडच्या शहरातले यंत्रमाग आठवतात, आणि स्पीकर घुमला की पहिला आळ त्यांच्यावरच जातो. माझ्या मते हा आळ बहुतेक वेळा खोटा असतो. घूंचे कारण सहसा घरातच असते आणि ते शोधायला पैसे लागत नाहीत, वायरी सोडवण्याचा धीर लागतो.

कोणती घूं?

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाईन जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडशी एक झाली. तेव्हापासून जैनाबादची घूं आणि कन्याकुमारीची घूं एकाच स्वरात असते. ही वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात राखावी, असा ग्रिडचा नियम आहे. तेवढ्यातही जे बारीक चढउतार होतात, त्यांच्यावरून एखादे ध्वनिमुद्रण कधीचे आहे, मध्ये कापाकापी झाली आहे का, हे तपासण्याची पद्धत गुन्ह्यांच्या तपासात वापरली जाते. आपल्याला एवढे खोल जायचे नाही. स्वर ओळखता आला तरी पुरे.

५० हर्ट्झचा आवाज अगदी खालचा असतो. छातीत जाणवतो, पण लहान स्पीकरमधून जेमतेम निघतो. १०० हर्ट्झचा त्याच्या दुप्पट, गाणाऱ्यांच्या भाषेत पांढरी पाचच्या खर्जातल्या षड्जापेक्षा किंचित चढा. घरी पेटी असेल तर स्वर लावून पाहता येतो. तिसरा प्रकार म्हणजे कर्कश ‘झर्र’. त्यात ५०च्या पटीतले वरचे कितीतरी स्वर मिसळलेले असतात.

ढोबळमानाने सांगायचे तर स्वच्छ १०० हर्ट्झची घूं अँपच्या पॉवर सप्लायकडे बोट दाखवते. ५०ची खोल घूं अर्थिंगच्या भानगडीकडे किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राकडे. झर्र असेल तर ऑडिओ केबलची बाहेरची जाळी तुटलेली, एखादा चार्जर, नाही तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. हे प्रकार एकमेकांत मिसळतातही, म्हणून नुसत्या कानावर निकाल देऊ नये. आणखी एक आवाज यातून वेगळा काढून ठेवा: फोन वाजण्याच्या आधी येणारी ‘दिड-दिड-दिड’. ती टू-जी फोनच्या रेडिओलहरींची, सेकंदाला सुमारे २१७ ठोक्यांची. फोन हातभर लांब ठेवला की ती संपते.

डबा घुमतो की स्पीकर?

अँपच्या डब्याला कान लावा. आवाज डब्यातून येत असेल आणि स्पीकर गप्प असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या थरथरत आहेत. स्क्रू सैल झाले असतील, डबा पत्र्याच्या कपाटावर ठेवला असेल. खाली रबराचे पाय दिले की फरक पडतो. ही घूं उत्तररात्री वाढते, असेही पुष्कळांना आढळते. त्यात नवल नाही. गावातला वापर कमी झाला की व्होल्टेज २३०च्या वर चढते, स्वस्त ट्रान्सफॉर्मरचा गाभा त्या दाबाला अपुरा पडतो आणि ओरडू लागतो. इथे केबल बदलून काही होणार नाही.

एकेक वायर सोडवा

आवाज स्पीकरमधूनच येत असेल तर पहिली परीक्षा नॉबची. नॉब वर-खाली करा. घूं त्याच्याबरोबर वाढत-घटत असेल तर ती नॉबच्या आधी, म्हणजे टीव्ही, मोबाईल, डीव्हीडी किंवा त्यांच्या केबलमधून शिरते आहे. नॉब फिरवूनही घूं जशीच्या तशी असेल तर ती नॉबच्या पुढे आहे: अँपच्या शेवटच्या भागात किंवा पॉवर सप्लायमध्ये. या एका परीक्षेने निम्मा शोध संपतो, तरी ती न करताच लोक दुकान गाठतात याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

आता अँप बंद करा आणि मागच्या सगळ्या पिना काढा. फक्त स्पीकर आणि विजेची वायर राहू द्या. चालू करा. घूं गेली? मग एकेक पिन परत लावत जा. जिच्यामुळे घूं परतली ती वायर सापडली. गेलीच नाही? मग दोष अँपचा, त्याच्याकडे पुढे येऊ.

प्रत्येक वेळी पिन लावताना किंवा काढताना अँप बंद असू द्या. लाल-पांढऱ्या आरसीए पिनेचा मधला खिळा बाहेरच्या कड्याच्या आधी टेकतो, त्या क्षणी अँपला ग्राउंड नसतो आणि स्पीकरमधून असा दणका बसतो की ट्वीटर जायचा.

एक छोटे हत्यार घरीच करता येते. एक आरसीए पिन घ्या आणि तिचा मधला खिळा व बाहेरचे कडे सोल्डरने जोडून टाका. ही पिन अँपच्या इनपुटमध्ये घाला. इनपुट असे बंद केल्यावर शांतता झाली तर अँप निर्दोष आहे, गुन्हेगार केबल किंवा पलीकडची वस्तू. ही पिन चुकूनही आउटपुटमध्ये घालायची नाही.

अर्थ दोन ठिकाणी लागली की

घरोघरी सर्वांत जास्त दिसणारे कारण हे आहे, म्हणून जरा सविस्तर.

टीव्हीला छतावरच्या डिशची किंवा गल्लीतल्या केबलवाल्याची कोॲक्सियल वायर येते. तिची बाहेरची जाळी कुठेतरी जमिनीला लागलेली असते: खांबावर, गच्चीच्या लोखंडी पाइपला, शेजारच्या घरात. आपला अँप घरातल्या तीन-पिनी सॉकेटमधून आपल्या खड्ड्यातल्या अर्थला लागलेला. टीव्ही आणि अँप यांच्यामध्ये आपण ऑडिओ केबल जोडतो, आणि या दोन वेगळ्या जमिनी एकमेकींना मिळतात. बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात कुंड्या जमिनीखालच्या भुयाराने जोडलेल्या आहेत. दोन कुंड्यांच्या पातळीत फरक असला की मधून पाणी वाहणारच. इथेही तसेच होते. दोन अर्थच्या दाबात थोडा फरक असतो आणि ऑडिओ केबलच्या जाळीतून ५० हर्ट्झचा करंट वाहू लागतो.

किती? समजा दहा मिलिअँपिअर. जाळीचा आणि पिनेच्या सांध्याचा विरोध ०.२ ओहम धरला तर दोन मिलिव्होल्ट उभे राहतात. गाण्याचा सिग्नल साधारण ३०० मिलिव्होल्टचा. म्हणजे घूं गाण्याच्या दीडशेपट लहान, पण गाणे थांबले की शांत खोलीत स्पष्ट ऐकू येणारी. पिन काळी पडली, सांधा सैल झाला की विरोध वाढतो आणि घूंही.

परीक्षा सोपी आहे. टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्सच्या मागची कोॲक्सियल वायर सोडवा. घूं तत्क्षणी थांबली तर कारण तेच. बॉक्सच्या मागच्या पत्र्याला आणि वायरीच्या कड्याला एकाच वेळी हात लावू नका. दोन्हींमध्ये झटका बसण्याइतका फरक कधी कधी असतो.

उपाय अनेक आहेत, सगळे सारखे नाहीत. टीव्ही, बॉक्स आणि अँप एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. वेगवेगळ्या भिंतींतल्या सॉकेटांवर लावू नका. हे फुकटचे आहे आणि अनेकदा पुरते. त्यानंतरचा माझा आवडता उपाय ऑप्टिकल केबल. टीव्हीच्या मागे तो लहान चौकोनी दरवाजा असतो, लाल उजेड फेकणारा. तोशिबाने ही पद्धत १९८३ मध्ये आणली. काचेसारख्या धाग्यातून उजेड जातो, वीज जात नाही, म्हणून दोन अर्थचा असा लूप होण्याचा प्रश्नच नाही. एचडीएमआयमध्ये ही सोय नाही, कारण तिच्यात ग्राउंडची तार असते.

अँपला ऑप्टिकल इनपुट नसेल तर मध्ये ऑडिओ आयसोलेटर घाला. हा म्हणजे दोन लहान ट्रान्सफॉर्मर, चुंबकातून सिग्नल पोचवणारे आणि तारांची गाठ तोडणारे. अगदी स्वस्तातले घेतले तर खालचा बास खातात, एवढे माहीत असावे. कोॲक्सियलमध्येच आयसोलेटर घालण्याचा सल्ला केबलसाठी ठीक आहे. डिश असेल तर तो चालत नाही, कारण त्याच वायरीतून बॉक्स छतावरच्या एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो.

लॅपटॉप चार्जिंगला लावला की झर्र सुरू होते आणि चार्जर काढला की थांबते, हे याच कुळातले. तीन-पिनी चार्जर असेल तर लूप. दोन-पिनी असेल तर आतल्या एका लहान कंडेन्सरमधून मेन्सचा क्षीण करंट गळत असतो. त्यामुळेच धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवला की मुंग्या येतात आणि टेस्टरही मंद पेटतो. गाणे ऐकताना बॅटरीवर चालवा किंवा ब्लूटूथ वापरा, प्रश्न मिटला.

अर्थचा पिन तोडू नका

वायरमनच्या तोंडून कधी कधी हा ‘इलाज’ ऐकू येतो: प्लगचा जाड पिन काढून टाका, हम जाईल. जातो हे खरे, कारण लूप तुटतो. पण त्या पिनचे काम गाण्याशी नाहीच. अँपच्या आत फेजची वायर सुटून पत्र्याला लागली तर तो करंट अर्थमधून वाहून फ्यूज किंवा एमसीबी पाडतो. पिन नसला तर डबा २३० व्होल्टवर तसाच उभा राहतो आणि पहिला हात लावणाऱ्याची वाट पाहतो. अर्थचा पिन इतरांपेक्षा लांब आणि जाड ठेवलेला असतो तो उगाच नाही: लावताना तो आधी लागतो, काढताना शेवटी सुटतो.

उलट घरात अर्थ खरोखर आहे का, हेच पाहायला हवे. जुन्या घरांत सॉकेटला तीन भोके असतात, पण वरच्या भोकामागे वायरच नसते. वायरमनकडून मीटरने मोजून घ्या. फेज ते न्यूट्रल जितके, जवळपास तितकेच फेज ते अर्थ यायला हवे आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. डिजिटल मीटर तुटक्या वायरीवरही भुताटकीचे आकडे दाखवतो, म्हणून जाणकाराने भार लावून खात्री केलेली बरी.

तापीकाठची काळी माती अर्थिंगला चांगली, पण ओली असेपर्यंत. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, जमिनीला भेगा पडतात, माती पाइपपासून सुटते आणि पावसाळ्यात ठीक असलेली अर्थ वैशाखात नावापुरती उरते. कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यावरच्या नरसाळ्यातून अधूनमधून पाणी ओतायचे असते, ते याचसाठी. ज्यांची घूं एप्रिल-मेमध्ये वाढते त्यांनी आधी बादलीभर पाणी ओतून पाहावे. आणि मीटरच्या पेटीशेजारी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा, अर्थ कशीही असो.

असेंबल्ड अँप

आपल्या भागात घरातला अँप म्हणजे बरेचदा मेकॅनिकने जुळवलेला डबा: १२-०-१२चा ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड, एक फिल्टर कंडेन्सर आणि ४४४० आयसीचा बोर्ड. सान्योच्या या आयसीने अनेक घरे गाती केली आहेत, तिची थट्टा करण्याचे कारण नाही. घूं येते ती आजूबाजूच्या काटकसरीमुळे.

डायोड विजेचे दोन्ही हेलकावे एकाच दिशेला वळवतात, म्हणून सेकंदाला १०० ठोके पडतात. दोन ठोक्यांमधली दरी कंडेन्सरने भरायची. एक अँपिअर करंट खेचला जात असेल आणि कंडेन्सर २२०० मायक्रोफॅरडचा असेल तर त्या दरीत व्होल्टेज साधारण साडेचार व्होल्टनी घसरते. ४७०० लावला तर दोनच्या आसपास, १०,००० लावला तर एक. मात्र कंडेन्सर वाढवला की डायोडवर झटक्याचा भार वाढतो. १ अँपिअरचे वन-एन-४००७ काढून ३ अँपिअरचे वन-एन-५४०८ घालावेत. यातला एक डायोड उडाला तर घूं १००वरून ५० हर्ट्झवर उतरते आणि वाढते.

पण गाणे बंद असताना अँप फारच थोडा करंट खेचतो. तेव्हाही घूं मोठी असेल तर कंडेन्सर लहान असल्याचा दोष नाही. जुना असेल तर आतून वाळला आहे. डोके फुगले असेल किंवा बुडातून चिकट पाणी आले असेल तर शंका नको. डबा नवाच असेल तर ग्राउंड चुकीच्या जागी घेतला आहे. ट्रान्सफॉर्मरची मधली तार थेट कंडेन्सरच्या निगेटिव्हवर यायला हवी आणि तिथून पुढे बोर्डाला. मेकॅनिक ती बोर्डावरच्या सापडेल त्या बिंदूला चिकटवतो. मग कंडेन्सर भरणारे ठोके इनपुटच्या ग्राउंडमधून जातात आणि गाण्यात मिसळतात. ही एक तार हलवून जे साधते ते मोठा कंडेन्सर लावूनही साधत नाही.

नॉबच्या धातूला बोट लावले की घूं कमी होते? मग नॉबची बॉडी ग्राउंडला जोडलेली नाही. एक इंच तार आणि सोल्डरचा थेंब, बस.

डबा उघडणार असाल तर प्लग काढून थांबा. कंडेन्सर काही वेळ भरलेला राहतो. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीकडे २३० व्होल्ट असतात, तिथले काम येत नसेल त्याने करू नये.

वायरींची मांडणी

ऑडिओ केबल आणि विजेची वायर बरोबरीने बांधू नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. उरलेल्या केबलचे वेटोळे ट्रान्सफॉर्मरवर ठेवू नका. स्टॅबिलायझर अँपला चिकटून नको. एवढे बस.

तबकड्या वाजवणाऱ्यांसाठी

मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून सुमारे पाच मिलिव्होल्ट निघतात, मग अँप ते शंभरपट वाढवतो. शिवाय तबकडी कापताना कमी केलेला बास परत आणण्यासाठी ५० हर्ट्झला मधल्या स्वरांच्या सुमारे सातपट चढवतो. म्हणजे घूंसाठी याहून सोयीचे दार नाही. टर्नटेबलमधून निघणारी बारीक वेगळी तार अँपमागच्या ‘ग्राउंड’ स्क्रूला लावायची असते. ती लोंबकळत राहिली नाही ना, हे पहिले बघा. दुसरे म्हणजे टर्नटेबल अँपच्या डोक्यावर ठेवू नका. घरातले जुने एचएमव्ही फिएस्टा असेल तर त्याच्या कार्ट्रिजचा सिग्नल मोठा असतो. त्याला फोनो इनपुट लागत नाही.

मोटारी, माग, इन्व्हर्टर

आता बाहेरच्या आरोपींकडे. पंपाची मोटार सुरू होताना स्पीकरमध्ये ‘टक्’ येते आणि दिवा क्षणभर मंदावतो. हे खरे, पण ती टक् आहे, घूं नव्हे. सतत येणारी झर्र घरातल्याच पंख्याच्या रेग्युलेटरमधून किंवा स्वस्त एलईडी बल्बमधून येण्याचा संभव जास्त. सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि घरभर फिरा. ज्या वस्तूजवळ तो खरखरतो तीच गोंगाट करते आहे.

लाईट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होताच घूंचा पोत बदलून ती दातेरी झाली तर इन्व्हर्टर चौकोनी लहरींचा आहे. पंखेही तेव्हा गुरगुरतात. साइन वेव्हचा घेतला की हे जाते.

बाहेरचा खराखुरा दोष एकच, आणि तो गंभीर: सैल न्यूट्रल. घूं मधूनच वाढते, त्याच वेळी काही दिवे भगभगीत होतात आणि काही मंद, तर गाण्याचा विचार सोडा, मेन स्विच पाडा आणि १९१२ला तक्रार नोंदवा. डीपीपासून मीटरपर्यंत कुठे तरी न्यूट्रलचा सांधा सुटत आला आहे. तो पूर्ण सुटला तर घरात चारशेच्या जवळ व्होल्टेज शिरू शकते.

अमेरिकेहून आलेला अँप

नातेवाइकांनी आणलेला अँप १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा असतो. स्टेप-डाउन लावून व्होल्टेज जुळते, हर्ट्झ जुळत नाहीत. ६०साठी बेताचा केलेला ट्रान्सफॉर्मर ५०वर वीस टक्के जास्त चुंबकत्व सोसतो, म्हणून तापतो आणि घुमतो. डब्यावर ‘५०/६०’ छापले असेल तर चिंता नाही. बाजारातले बहुतेक स्टेप-डाउन ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात. ते व्होल्टेज उतरवतात, पण घरच्या लाईनपासून वेगळे करत नाहीत. त्यामुळे लूप तोडायला त्यांचा उपयोग नाही.

मेकॅनिककडे नेताना

‘हम मारतो’ एवढेच सांगितले तर मेकॅनिक सवयीने कंडेन्सर बदलेल. नॉबने घूं बदलते का, सगळ्या पिना काढल्यावर राहते का, इनपुट बंद केल्यावर काय होते, नॉबच्या धातूला बोट लावल्यावर काय होते, ही उत्तरे कागदावर लिहून न्या. घूं आणणारी केबलही सोबत न्या. त्याच केबलवर अँप दुकानात शांत निघाला तर डबा उघडू देऊ नका; घरी परतून टीव्हीची कोॲक्सियल आणि अर्थचा खड्डा पाहा.